बँकॉकचं रस्त्यावरचं खाणं: कुठे, काय आणि मुख्य म्हणजे किती वाजता

बँकॉकमध्ये रस्त्यावरचं अस्सल थाई खाणं कुठे मिळतं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करतो: तुम्ही किती वाजता खाणार आहात? या शहरात एकच फुटपाथ दिवसातून दोन-तीनदा मालक बदलतो. सकाळी सातला तिथे कोळशावर मांसाच्या काड्या भाजणारी बाई बसलेली असते. दुपारी ऑफिसवाल्यांसाठी भात आणि रश्श्यांचे ट्रे मांडले जातात आणि अंधार पडला की तिथेच नूडल्सची गाडी लागते. नकाशावरची खूण धरून भलत्या वेळी गेलात तर बंद शटर बघून परत यावं लागतं. जुन्या याद्यांवरही फार विसंबू नका. २०१६-१७च्या सुमारास बँकॉक महापालिकेने बऱ्याच रस्त्यांवरच्या गाड्या हटवल्या आणि त्याच सुमारास सुखुमवित सोई ३८ सारखी एके काळी गाजलेली गल्लीही पार विरळ झाली. म्हणून खालचा क्रम घड्याळाचा धरला आहे.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बऱ्याचशा सहलींमध्ये दोन्ही वेळचं जेवण भारतीय हॉटेलात ठरलेलं असतं. तरी एखादी सकाळ, एखादी मोकळी संध्याकाळ हाताशी असतेच. तेवढी नीट वापरली तरी पुष्कळ चाखून होतं.

निघण्याआधी

सुटे पैसे ठेवा. स्थानिक लोक क्यूआर कोड दाखवून पैसे देतात, पण ती सोय तिथल्या बँकखात्याची. आपल्यासाठी रोख रक्कमच बरी. २० बातची हिरवी, ५०ची निळी आणि १००ची लाल नोट पुष्कळ असू द्या. गाडीवर हजाराची नोट पुढे करणं म्हणजे त्या बाईला शेजारच्या दुकानात सुट्ट्यांसाठी पळवणं. एक बात म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये. साध्या गाडीवर एक ताट ५० ते ८० बातला मिळतं, पर्यटकांच्या भागात आणि यावरात या चिनी वस्तीतल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

फिरायला बीटीएस ही वरून धावणारी रेल्वे आणि एमआरटी ही मेट्रो पुरते. एमआरटीच्या निळ्या मार्गावर कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर टेकवता येतं. टुकटुकवाला स्वतःहून ‘चांगल्या सीफूडच्या हॉटेलात नेतो’ म्हणाला तर हसून नाही म्हणा. त्या जेवणाच्या बिलात त्याचं कमिशन धरलेलं असतं.

खिशात टिश्यू आणि हात साफ करायचं जेल असू द्या. नळाचं पाणी पिऊ नका. बर्फाची भीती मात्र बाळगू नका. मधोमध भोक असलेले नळकांड्यासारखे तुकडे कारखान्यातून पिशव्यांत भरून येतात आणि सगळं शहर तोच बर्फ वापरतं.

एकदम गाडीवर जायचा धीर होत नसेल तर पहिल्या दिवशी बीटीएसच्या असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलच्या वरच्या मजल्यावर, पिअर २१ या फूड कोर्टमध्ये जा. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, हव्या त्या स्टॉलवर ते द्यायचं आणि उरलेले पैसे परत घ्यायचे. दर रस्त्यावरच्याइतकेच स्वस्त, पाट्या वाचता येणाऱ्या आणि पदार्थ समोर दिसणारे. हे काही रस्त्यावरचं खाणं नव्हे, पण कुठला पदार्थ कसा दिसतो आणि किती तिखट असतो याचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी गाडीसमोर उभं राहताना त्याचा उपयोग होतो.

सकाळ: सहा ते नऊ

या शहराची सकाळ कामावर जाणाऱ्यांची असते. बीटीएसच्या साला देंग स्टेशनला उतरा आणि सिलोम व कॉन्व्हेंट रोडच्या फुटपाथवरून चाला. ऑफिसवाले हातात छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन घाईने जाताना दिसतील. त्या पिशव्यांत बहुतेक वेळा ‘मू पिंग’ असतं, म्हणजे नारळाच्या दुधात मुरवून कोळशावर भाजलेल्या पोर्कच्या काड्या, आणि सोबत ‘खाव नियाव’, म्हणजे चिकट भाताची पुडी. हा भात हातानेच खायचा. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी दाबून गोळी करायची आणि तोंडात टाकायची. पोर्क नको असेल तर बऱ्याच गाड्यांवर चिकनही असतं.

शाकाहारी माणसाची सकाळही चांगली जाते. गरम सोयाचं दूध, त्यासोबत ‘पातोंगको’ हे मैद्याचे तळलेले जोडतुकडे आणि फळांची गाडी. फळवाल्याच्या काचेच्या पेटीत बर्फावर अननस, पेरू, कलिंगड, पपई ठेवलेली असते. बोट दाखवलं की तो सुरीने भराभर तुकडे करून पिशवीत भरतो, वर बांबूची काडी खोचतो आणि मीठ, साखर, मिरचीचं मिश्रण देतो. कच्च्या आंब्याबरोबर ते मिश्रण खाल्लंत की कोकणातल्या कुठल्याही माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

भातावर प्रेम असणाऱ्या मांसाहारी मंडळींनी बीटीएसच्या सापान ताक्सिन स्टेशनला उतरून चारोन क्रुंग रस्त्यावरच्या बांग राक भागात जावं. तिथलं ‘जोक प्रिन्स’ हे पेजेचं छोटं दुकान प्रसिद्ध आहे. तांदूळ विरघळेपर्यंत शिजवलेली दाट पेज, तिला किंचित धुराचा वास, आत पोर्कचे गोळे आणि सांगितलंत तर अंडं. पोट बिघडलं असेल तरी हीच पेज चालते.

दुपार: जिथे तिथले लोक जेवतात

दुपारी मी प्रसिद्ध जागा शोधत बसत नाही. साडेअकरा ते एक या वेळात ऑफिसांच्या किंवा इस्पितळांच्या मागच्या गल्लीत शिरलं की दोन प्रकारची दुकानं हमखास सापडतात. पहिलं ‘खाव केंग’चं, म्हणजे भातावर रस्सा. दहा-पंधरा ट्रे मांडलेले असतात, त्यातल्या दोनांवर बोट दाखवायचं. भाषेची गरजच नाही. दुसरं ‘आहान ताम सांग’चं, म्हणजे सांगाल तसं बनवून देणारं. एक कढई, एक मोठा जाळ आणि समोर चिरून ठेवलेल्या भाज्या, मांस, कोळंबी.

पहिल्यांदा ‘पाद क्राप्राव’ मागवा. यातलं क्राप्राव म्हणजे आपल्या तुळशीचीच जात. लसूण आणि मिरची कुटून तापल्या तेलात पडते तेव्हा समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना ठसका लागतो. मग खिमा, सॉस आणि अगदी शेवटी मूठभर पानं, तीही जाळ बंद करता करता. वर कडा कुरकुरीत केलेलं अंडं. सगळा खेळ दोन मिनिटांत आटोपतो आणि ताट हातात येतं. ज्यांच्या घरी तुळशीला रोज पाणी घातलं जातं त्यांना ती मांसात बघून चमकल्यासारखं होईल. त्यांनी टोफू घालून करायला सांगावं, चव तशीच खुलते.

राजवाडा बघायला तुम्ही जाणारच. तिथून दमून निघाल्यावर जवळपासच्या महागड्या हॉटेलात शिरू नका. ता चांग किंवा ता प्रा चान धक्क्यावरून छोटी फेरीबोट पकडा आणि नदी ओलांडून वांग लांगला उतरा. भाडं अगदी किरकोळ आहे. समोर सिरिराज हे थायलंडमधलं सर्वांत जुनं सरकारी इस्पितळ आणि त्याला चिकटून वांग लांगचा बाजार. गिऱ्हाईक म्हणजे परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, विद्यार्थी आणि पेशंटचे नातेवाईक. रोज येणाऱ्यांना वाईट खायला घालून इथे कुणाचं दुकान टिकत नाही आणि विद्यार्थ्यांमुळे दर चढत नाहीत. गल्ल्या अरुंद आहेत, गर्दी दाट आहे, पाठीवरची बॅग पुढे घ्या. दोन वाजेपर्यंत पोचलात तर उत्तम.

याच बाजारात ‘खनोम क्रोक’ची गाडी दिसली तर थांबाच. बिडाचं पात्र थेट आपल्या आप्पेपात्रासारखं. आधी तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण, त्यावर किंचित खारट-गोड नारळाचं दाट दूध, हवं तर मक्याचे दाणे किंवा कांद्याची पात. झाकण ठेवून कडा खरपूस होऊ देतात, मधला भाग मात्र थरथरता ओला राहतो. चमच्याने उचलून दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर ठेवल्या की एक नग. घाईने तोंडात टाकू नका, आतलं दूध उकळतं असतं.

जुन्या बँकॉकची चव हवी असेल तर नांग लोएंग बाजार. १९००च्या सुमारास सुरू झालेला हा शहरातला जमिनीवरचा पहिला बाजार मानला जातो. त्याआधी बाजार म्हटला की होड्यांचा. इथे रश्श्यांची दुकानं, जुन्या पद्धतीच्या मिठाया आणि परिसरातली ‘क्लुएय खेक’, म्हणजे नारळ-तीळ घातलेल्या पिठात तळलेली केळी, प्रसिद्ध आहेत. कामाच्या दिवशी जा आणि दोनच्या आत पोचा. शनिवार-रविवारी निम्मी मजा जाते. मेट्रो जवळ नाही, टॅक्सी करा.

नूडल्ससाठी बीटीएसचं व्हिक्टरी मॉन्युमेंट स्टेशन. स्मारकाजवळच्या कालव्याकाठी ‘कुएय तियाव रुआ’, म्हणजे होडीतल्या नूडल्सची दुकानं ओळीने आहेत. पूर्वी विक्रेता होडीत बसूनच वाडगी काठावरच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. रस्सा सांडू नये म्हणून वाडगी लहान. तो आकार अजून तसाच आहे, त्यामुळे एका माणसासमोर रिकाम्या वाडग्यांचा मनोरा उभा राहतो. एक गोष्ट आधीच सांगतो: या रश्श्याला काळपट दाटपणा येतो तो पोर्क किंवा बीफच्या रक्तामुळे. चालत नसेल तर हे दुकान तुमचं नव्हे.

आणि बाहेर ऊन फारच असेल तर एमआरटीच्या काम्फेंग फेत स्टेशनला उतरून ओर तोर कोर बाजारात जा. छपराखाली, स्वच्छ आणि महाग. पण फळं बघावीत तर इथेच. एप्रिल-मेच्या आसपास ‘नाम दोक माय’ जातीचा लांबट पिवळा आंबा भरात असतो आणि ‘खाव नियाव मामुआंग’, म्हणजे नारळाच्या दुधातला गोड चिकट भात आणि आंबा, तेव्हाच खावा. हापूसशी तुलना करत बसू नका. त्या भाताला हापूसचा उग्र सुगंध पेलणार नाही. तिथे हाच सौम्य, रसाळ आंबा हवा.

संध्याकाळ: यावरात

एकच संध्याकाळ असेल तर यावरात. चिनी वस्तीचा हा मुख्य रस्ता सुमारे दीड किलोमीटरचा. एमआरटीचं वात मांगकोन स्टेशन २०१९मध्ये सुरू झाल्यापासून इथे पोचणं अगदी सोपं झालं आहे. दिवसभर इथे सोन्याच्या पेढ्यांची वर्दळ असते. त्या बंद व्हायला लागल्या की त्यांच्याच समोर गाड्या, स्टुलं आणि शेगड्या मांडल्या जातात. साडेसहाला पोचलात तर बसायला जागा मिळते, आठनंतर रस्ता माणसांनी फुलतो. सोमवारी जाऊ नका. तो साफसफाईचा वार असल्याने बऱ्याच गाड्या लागत नाहीत.

इथे पोट भरायचं नाही, फिरायचं आहे. हे मनाशी पक्कं करूनच स्टेशनबाहेर पडा. पहिल्याच गाडीवर भरलेलं ताट घेतलंत की पुढचा रस्ता नुसता बघत चालावा लागतो. दोघांत एक प्लेट घ्या, उभ्यानेच खा आणि पुढे व्हा. प्रत्येक गाडी एकच पदार्थ करते. ज्या गाडीवर दहा पदार्थांची रंगीत छायाचित्रं लावलेली असतात ती मी ओलांडून पुढे जातो.

मांसाहारी माणसाने ‘नाय एक’ या दुकानातलं ‘कुएय जाब’ घ्यावं. तांदळाच्या गुंडाळीसारख्या नूडल्स, काळ्या मिऱ्याने झणझणणारा स्वच्छ रस्सा आणि कुरकुरीत पोर्क. रांग लांब दिसली तरी झपाझप सरकते. कालवं आवडणाऱ्या कोकणी-गोव्याच्या मंडळींसाठी ‘नाय मोंग’ या दुकानातलं ‘होई तोद’ आहे, कालवं आणि अंड्याचा तव्यावर परतलेला पोळा. फादुंग दाव गल्लीच्या तोंडाशी लाल आणि हिरव्या कपड्यांतले वेटर असलेली दोन समोरासमोरची सीफूडची दुकानं दिसतील. तिथे मासा वजनावर असतो. वजन आणि दर आधी विचारा, मग होकार द्या.

शाकाहारी माणसाला यावरातवर काही मिळत नाही, हा गैरसमज आहे. भाजलेली चेस्टनट, डाळिंबाचा ताजा रस, कोळशावर भाजून आत कंडेन्स्ड मिल्क किंवा पांदान या सुवासिक पानाचं हिरवं क्रीम भरलेले बन आणि ‘बुआ लोय नाम खिंग’. या शेवटच्यासाठी तर मी मुद्दाम वळसा घेतो. तांदळाच्या पिठाचे मऊ, पांढरे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण, आणि ते सगळं आल्याच्या गरम, तिखटगोड पाण्यात बुडवलेलं. गोळा फोडला की काळं सारण पाण्यात पसरतं. पावसात भिजून आल्यावर याच्यासारखं काही नाही.

यावरात नको असेल तर दोन पर्याय. चुलालोंगकोर्न विद्यापीठाजवळचा बांथात थोंग रस्ता तरुण पोरांनी भरलेला असतो, तिथे नवं-जुनं सगळं आहे. दुसरा, माझ्या जास्त जवळचा, नदीपलीकडचा तालात फ्लू. रेल्वे रुळांलगतची जुनी वस्ती, पर्यटक कमी आणि ‘कुयचाय’, म्हणजे चिनी लसणीच्या पातीचं सारण भरलेल्या वाफवलेल्या वड्या, गरमागरम.

महा चाय रस्त्यावरच्या दोन प्रसिद्ध दुकानांविषयी विचारणा होतेच. एमआरटीच्या साम योत स्टेशनवरून चालत जाता येतं. थिप सामाय १९६६पासून पाद थाय, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, करतंय आणि अंड्याच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला त्यांचा पाद थाय खावासा आहे. शेजारच्या जे फाय यांना २०१७च्या डिसेंबरात आलेल्या बँकॉकच्या पहिल्या मिशलिन गाइडमध्ये (उत्तम खाणावळींना तारे देणारी पुस्तिका) तारा मिळाला. डोळ्यांवर गॉगल लावून निखाऱ्यांवर त्या जे खेकड्याचं ऑम्लेट करतात ते अफाट असतं, पण किंमत हजार बातच्या वर आणि थांबावं लागतं तासन्‌तास. मोजके दिवस घेऊन आलेल्या माणसाने तो वेळ तिथे घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

थाई स्वयंपाकात माशाचा सॉस मिठाच्या जागी असतो. ‘भाजीच आहे’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण माशाचा सॉस, कालवांचा सॉस किंवा रश्श्याच्या वाटणातली सुक्या कोळंबीची पेस्ट त्याच्या हिशेबी मांस नसते. म्हणून ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘जे’ म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो आणि आपल्या डोळ्यांना तो इंग्रजी १७च्या आकड्यासारखा दिसतो. चिनी बौद्ध परंपरेतल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या किंवा माळ घातलेल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? बटाट्यासारखी कंदमुळं मात्र यात चालतात, हे जैन वाचकांनी लक्षात ठेवावं. अंडं चालत असेल तर ‘मांगसविरात’ हा शब्द जास्त मोकळा आहे.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो. तेव्हा अख्खा यावरात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो आणि एरवी मांस विकणाऱ्या गाड्याही शाकाहारी होतात. बरेचदा आपलं नवरात्रही त्याच सुमारास असतं. तारखा जुळवता आल्या तर शाकाहारी कुटुंबाने तेव्हाच जावं.

मागायचं कसं

पुरुषांनी वाक्याच्या शेवटी ‘ख्रप’ आणि बायकांनी ‘खा’ म्हणायचं. एवढ्यानेच समोरच्याचा चेहरा खुलतो. बाकी लागतं ते इतकं:

- किन जे: मी ‘जे’ खातो/खाते
- माय साय नाम प्ला: माशाचा सॉस घालू नका
- माय साय कुंग हेंग: सुकी कोळंबी घालू नका
- माय फेत: तिखट नको
- फेत नित नोय: थोडंसं तिखट
- थाव राय: किती झाले?

मू म्हणजे पोर्क, नुआ म्हणजे बीफ, कुंग म्हणजे कोळंबी. ‘काय’ हे चिकन आणि ‘खाय’ हे अंडं, या दोन उच्चारांत आपली गफलत होते, तेव्हा बोटही दाखवा.

‘आम्हाला तिखटाची सवय आहे’ हे ‘सोम ताम’च्या गाडीवर बोलू नका. कच्च्या पपईची ही कोशिंबीर उखळात कुटतात: आधी लसूण आणि छोट्या मिरच्या, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, माशाचा सॉस, शेंगदाणे आणि शेवटी पपईचा कीस. मिरच्या किती, असं ती बाई बोटं दाखवून विचारते. एक सांगा. मराठवाड्याचे असाल तर दोन. कच्चा खेकडा आणि आंबवलेला मासा घातलेला प्रकार पहिल्या खेपेला टाळा, तसंच माशाच्या सॉसमधली कच्ची कोळंबीही. पोटाचे बहुतेक त्रास कच्च्या खाण्यातून येतात. समोर शिजलेलं, वाफ येत असलेलं खाणं क्वचितच बाधतं. तरी ओआरएसची दोन पाकिटं सोबत असू द्या.

टेबलावर चार छोट्या बरण्या असतील: साखर, मिरचीपूड, मिरचीचं व्हिनेगर आणि माशाचा सॉस. नूडल्स मुद्दाम साध्या देतात, चव आपली आपण जुळवायची. आधी एक घोट घ्या, मग घाला. भात चमच्याने खायचा, काटा फक्त ढकलायला. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला हरकत नाही. पैसे शेवटी द्यायचे, टीपची अपेक्षा नसते.

एकच दिवस असेल तर

सकाळी सातला साला देंग, खाऊन झालं की राजवाडा. ऊन चढल्यावर फेरीबोटीने वांग लांग. दुपारी हॉटेलवर जाऊन खरंच झोपा, कारण या शहराची रात्र मोठी असते. साडेसहाला वात मांगकोन स्टेशन. १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान आणि चिनी नववर्षाचे दिवस सोडून द्या, तेव्हा बरेच विक्रेते गावी गेलेले असतात. मे ते ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी तासभर जोराचा पाऊस येतो. गाड्यांवर प्लास्टिक चढतं आणि पाऊस थांबला की पुन्हा जाळ पेटतो, तेव्हा छत्री घेऊन तिथेच थांबा. शेवटची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास असते, त्या हिशेबाने बुआ लोयचं वाडगं साडेदहाच्या आत मागवा.